सहा आणि तीन मिळून दोन

पटलं नसतानाही माणूस मान डोलावतो. हेडमास्तरांच्या भाषणाला डोलावतो, व्याह्यांच्या फुशारकीला डोलावतो, बायको म्हणाली आमटी झकास झालीय तर तिलाही डोलावतो. त्याशिवाय संसार चालत नाही. मारुतीअण्णाची मान देवानं कुठल्या लाकडाची घडवली होती कोण जाणे, ती डोलतच नसे. "पटलं न्हाय, मास्तर," एवढं म्हणून तो समोरच्याकडे शांतपणे बघत राहायचा, आणि समोरच्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझा तर कितीदा झाला.

मारुती सखाराम वाघमोडे हे त्याचं पूर्ण नाव. बारामतीच्या वीज कंपनीत तो मदतनीस होता. कंपनीचं पॉवरहाऊस म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये धडधडणारं एक ऑइल इंजिन, आणि त्याच्या जिवावर अर्ध्या गावातले दिवे. मी तेव्हा हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवत होतो. वयानं आम्ही बरोबरीचे, तिशीच्या अलीकडे-पलीकडे, पण त्याला सगळं गाव अण्णा म्हणायचं म्हणून मीही म्हणायला लागलो. अंगानं वाळका, उंच, खाकी अर्धी चड्डी, कमरेला पक्कड खोचलेली. वायरीवरचं रबर दातानं सोलायची खोड होती, त्यामुळे पुढचा एक दात निम्मा झिजलेला. फ्यूजची उरलेली तार तो बोटाला गुंडाळून ठेवायचा. घरात कुणी खुर्ची पुढं केली तरी त्यावर बसायचा नाही, उंबऱ्याशी उकिडवा बसायचा आणि तिथूनच सगळ्या खोलीवर नजर ठेवायचा.

आमची ओळख झाली ती आमच्या घरातला दिवा गेला तेव्हा. दुपारी अण्णा आला, स्टुलावर चढला, पाच मिनिटांत दिवा लागला. मी म्हणालो, "चला, झालं काम." तो खाली उतरला, दिव्याकडे बघितलं आणि म्हणाला, "झालं न्हाय. उजेड आला, पन गेला का व्हता ते पटलं न्हाय." एवढं बोलून त्यानं दिवा पुन्हा काढला. मग पट्टी काढली, बटण काढलं, माजघरातली वायर काढली. संध्याकाळ झाली तेव्हा घरात एकही दिवा जागेवर नव्हता आणि माझी बायको कंदिलाची काच पुसत माझ्याकडे असं बघत होती की जणू ही अवदसा मीच ओढवून आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन त्यानं भिंतीत मुंगळ्यांनी वायर खाल्लेली जागा शोधून काढली. "हे बगा," म्हणाला, "आता पटलं." त्यानंतर आमचा दिवा कधी गेला नाही हे खरं. पण बायको पुढं कितीतरी दिवस त्याच्या नावानं बोटं मोडत होती.

त्याचा हा स्वभाव नुसता वायरीपुरता असता तर गोष्ट वेगळी. आमच्या शेजारच्या तात्यांना एकदा बैल विकायचा होता. गिऱ्हाईक दारात उभं, बैलाचे दात बघून झालेले, शेपूट पिळून झालेलं. अण्णा तिथून चालला होता. तात्यांनी त्याला हाक मारली. "अण्णा, तू तर रोज बघतोस. सांग की पाव्हण्यांना, बैल औताला कसा हाय." नुसतं 'चांगला हाय' म्हणायचं होतं. अण्णा थांबला, बैलाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "गोठ्यात चांगला हुबा राहतो. औताला जुंपल्याला मी बघितला न्हाय." पाहुणे चहा न पिता गेले. तात्या त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. मी त्याला म्हणालो, "अरे, एवढं बोलून तुझं काय सोनं झालं?" तर म्हणतो, "इचारलं म्हणून सांगितलं. मी आपनहून कुठं बोललो?"

असा हा माणूस एक दिवस शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला आणि उंबऱ्याशी बसून म्हणाला, "मास्तर, मला तेवढं रोधाचं गनित शिकवा."

त्यामागची हकीकत त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितली. अण्णाचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या अगदी शेपटाला. नीरेचा कालवा बारामतीवरून वाहत वाहत इंदापुराकडे जातो, आणि शेवटच्या चारीवरच्या, म्हणजे पाटाच्या फाट्यावरच्या, गावांना त्याचं पाणी कागदावर जास्त आणि रानात कमी मिळतं. बापाच्या माघारी ते कोरडं रान थोरल्या भावाकडे राहिलं आणि अण्णा पोटासाठी बारामतीला आला. लग्न झालं होतं. बायकोचं नाव हौसा. पण मदतनिसाची नोकरी कच्ची, राहायला जागा नाही, हा पॉवरहाऊसच्या ओसरीवर इंजिनाच्या धुरात झोपणार. तिथं बायको कुठं ठेवणार? म्हणून हौसा माहेरी, पळसदेवला. सासरा म्हणाला होता, पोरीला दोन खोल्यांत ठेवशील त्या दिवशी घेऊन जा. आणि आता इंदापूरला वीज न्यायचं चाललं होतं. तिथं कंपनीला एक कायमचा वायरमन लागणार होता, त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. फोरमन अण्णालाच घ्यायला तयार होता. अडचण एकच. नव्या नियमानं वायरमनला सरकारी परीक्षा पास झाल्याशिवाय खांबाला हात लावता येत नव्हता. परीक्षा पुण्याला. हातानं काम करून दाखवायचं, आणि मग साहेबापुढं तोंडी.

"हाताचं माझं मी बगतो," अण्णा म्हणाला. "तोंडीत रोध इचारत्यात."

मला वाटलं, यात काय मोठं? तारेत विजेला जो अडथळा होतो त्याला म्हणायचं रोध. तो मोजायचा ओहममध्ये. सहा ओहमचं वेटोळं आणि तीन ओहमचं वेटोळं एकापुढे एक जोडलं, तर विजेला दोन्हींतून जावं लागतं, म्हणून एकूण रोध नऊ. ही एकसर जोडणी. अण्णाला ती ऐकताक्षणी पटली. मग समांतर जोडणी. तीच दोन वेटोळी शेजारीशेजारी, दोन्हींची टोकं एकत्र. आता विजेला दोन वाटा झाल्या. थोडी इथून जाईल, थोडी तिथून. एकूण रोध येतो दोन. मी पाटीवर गुणाकार केला, बेरीज केली, भागाकार केला, दोन काढून दाखवले.

अण्णानं पाटी हातात घेतली. "सहा अन् तीन?"

"हो."

"मिळून दोन?"

"हो."

"तिनापेक्षा बी कमी?"

"नेहमीच कमी येतो. सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी. तो नियमच आहे."

त्यानं पाटी खाली ठेवली. "पटलं न्हाय, मास्तर. तीन अडवतच व्हते. त्यात आनखी सहा अडवणारे आणून बशिवले. अन् अडवण कमी झाली?"

त्या दिवसापासून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो दोन-तीन वर्षं उतरला नाही. मी त्याला बाजारच्या दिवशीचं उदाहरण दिलं, जकातीच्या नाक्यावर दुसरा कारकून बसवला की गाड्या लवकर सुटतात म्हणून. म्हणाला, "दोन कारकून म्हंजी दोगांचा चहा." मी त्याला शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. हेडमास्तर ज्याला कुणालाच हात लावू देत नसत तो वीज मोजायचा ॲमीटर मी त्यांच्या विनवण्या करून कपाटातून काढला. बॅटरीला एक वेटोळं जोडलं, सुई थोडी हलली. शेजारी दुसरं जोडलं, सुई आणखी पुढं गेली. "बघ! जास्त वीज वाहतेय. म्हणजे रोध कमी झाला. आता तरी?"

अण्णानं सुईकडे बघितलं, वेटोळ्यांना बोट लावून बघितलं, मग बॅटरीवर तळहात ठेवला. "हिला किती दम लागतोय ते ह्या सुईला कुठं दिसतंय?" म्हणाला.

आता या माणसाला काय सांगावं? आणि गंमत अशी की सगळं बारामती त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला उभं. संध्याकाळी टुरिंग टॉकीजचा खेळ सुरू झाला की गावभरचे दिवे मिणमिणायचे. लाइनीच्या शेवटच्या घरात तर दिव्याची तार नुसती लाल दिसायची. अण्णा मला मुद्दाम तिथं घेऊन गेला. "हितं बगा. वर चार दिवं वाढलं, हितला मेला. तुमी म्हणताय वाटा वाढल्या की वीज सुटती." मी घसा कोरडा करून सांगितलं की हा नियमाचा दोष नाही, कंपनीचं इंजिन दुबळं आहे, लांबच्या तारेतच निम्मी ताकद मरते, भरभक्कम इंजिन असतं तर असं झालं नसतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आमच्या वाट्याला भरभक्कम इंजिन कदी आलंय?" एवढंच म्हणाला.

मग मला वाटलं, याला पाण्यावरून समजेल. विजेला पाण्याची उपमा सगळी पुस्तकं देतात. एका रविवारी आम्ही पिंपळीपर्यंत चालत गेलो. कालवा भरून वाहत होता. भरावात एक दार होतं, त्यातून चारीला पाणी पडत होतं. मी म्हणालो, "अण्णा, समज या दाराशेजारी आणखी एक दार केलं. लहान का असेना. मग पाण्याला कालव्यातून बाहेर पडायला सोपं झालं की अवघड?"

"कुणाला सोपं?"

"पाण्याला रे बाबा."

"अन् खालच्याला?"

"खालच्याचा इथं काय संबंध?"

"खालचा म्हंजी मी," अण्णा म्हणाला. तो भरावावर उकिडवा बसला आणि बराच वेळ बोलला. एरवी तो इतकं बोलत नसे. "माझा बाप खोरं खांद्यावर टाकून चारीच्या तोंडाशी बसायचा. पान्याची पाळी आज येनार. वर कुनीतरी एक दार वाढवलं की सांगावा यायचा, आज न्हाय, उद्या. आनखी एक वाढलं की परवा. मग पाळीच रद्द. बाप तसाच खोरं घिऊन घरी यायचा अन् आईला म्हनायचा, भाकरी नगं. दार वाढलं की अडवण वाढती, मास्तर. हे मी पुस्तकात न्हाय वाचलं."

मी चिडलोच. "अरे, तू शेपटाकडून बघतोयस. हा हिशोब तोंडाकडून करायचा असतो. जिथून पाणी सुटतं तिथून."

"म्हंजी नियम बी तोंडाकडच्यांचाच," तो म्हणाला.

बोलायला हे टाळ्या घेण्यासारखं होतं, पण भौतिकशास्त्रात टाळ्यांना गुण नसतात. तो चूक होता. साफ चूक. आणि हे त्याला पटवता येत नाही म्हणून मला रात्री जेवण गोड लागत नव्हतं. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक, म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगाचं, उसात बुडालेलं गाव. पुढच्या खेपेला अण्णा आला तेव्हा तिनं त्याला चिडवलं, "काय अण्णा, आमच्या कोऱ्हाळ्याच्या लोकांनी म्हणे तुमचं पाणी पळवलं?" तर हा गंभीरपणे म्हणाला, "व्हय वैनी. तुमच्या उसाच्या रसात आमच्या बापाची जवारी हाय." ती हसली, आणि मग हसणं अर्धवट सोडून आत गेली. त्या दिवसापासून अण्णा आला की ती त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे. मी मात्र उपाशी राहिलो तरी चाललं असतं.

पहिल्या वर्षी तो दौंडच्या छोट्या गाडीनं पुण्याला गेला. हाताचं काम बघून परीक्षकानं पाठ थोपटली. तोंडीत साहेबानं विचारलं तेच, दोन रोध समांतर जोडले तर एकूण किती. अण्णानं बेरीज सांगितली. नापास. दुसऱ्या वर्षी मी त्याच्याकडून सूत्र घोकून घेतलं, गाडीत बसेपर्यंत घोकून घेतलं. साहेबानं विचारलं तर हा म्हणाला, "पुस्तकाच्या मतानं दोन. माझ्या मतानं तिनाच्या खाली जानार न्हाय." साहेब हसला आणि त्यानं पुढच्याला बोलावलं.

त्या वर्षी पळसदेवहून निरोप आला. सासऱ्यानं, त्याला सगळे आबा म्हणत, सांगून पाठवलं होतं: आता आणखी एक साल. मग पंच बसवतो आणि काडीमोड करून टाकतो. त्यांच्यात पाट लागतो, पोरीचं दुसरं घर बघता येतं. अण्णानं निरोप ऐकला आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमी संगं चला. आबा तुमचं ऐकतील."

पळसदेव तेव्हा भीमेच्या काठाला होतं. ते जुनं गाव आता धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही गेलो तेव्हा नदी आटलेली, वाळूत कलिंगडाचे वेल पसरलेले. आबांनी आम्हाला घोंगडं टाकून बसवलं. मला वाटलं होतं, एखादा खडूस म्हातारा असेल, भांडायला बरा. तसलं काही नव्हतं. म्हातारा उलट माझ्यापुढं हात जोडून बसला.

"मास्तर, पोरगी मला जड न्हाय झाली. शेतात माझ्या बरुबरीनं राबती. पन रोज यस्टीच्या टायमाला ती दारात येऊन हुबी राहती. कुनी इचारलं तर म्हनती, वारं घेतिया. मला बगवत न्हाय ते."

मी आपलं आश्वासनं देत सुटलो. माणूस गुणी आहे, हातात कसब आहे, एवढं एक गणित राहिलंय. आबांनी विचारलं, "कसलं गनित?" मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकवेना. एका गणितासाठी बाईमाणूस सालोसाल माहेरच्या दारात उभं आहे, हे कुणाला सांगण्यासारखं होतं का?

हौसा चुलीपाशी बसली होती. रंगानं सावळी, उन्हात काम करून हात रापलेले. तिनं आमच्याकडे न बघता विचारलं, "मास्तर, त्यांस्नी इचारा, दोन म्हनाया काय जीब झडती?"

अण्णा उंबऱ्याशी बसला होता. "पटलं न्हाय तर कसं म्हनू?"

"न पटता म्हना. म्या न्हाय म्हनत? बाया नदीवर इचारत्यात, कदी येनार तुजं दादलं. म्या सांगती, येत्या सुगीला. मला पटतंय व्हय ते? तरी म्हनतीच की."

"हौसा, न पटता म्हनलं तर उद्या न पटताच वायर जोडीन. कुणाचा तरी जीव जाईल."

"अन् माजा?"

अण्णा बोटाला गुंडाळलेली तार उलगडायला लागला. आबा उठून बाहेर गेले. मी कलिंगडाची फोड हातात धरून तसाच बसलो होतो, आणि ती खावी की ठेवावी हे मला कळत नव्हतं. निघताना अण्णानं चुलीकडे तोंड करून सांगितलं, "अवंदा म्हनीन."

त्या वर्षी त्यानं खरंच मन घातलं. सूत्र तर पाठ होतंच, मी त्याला नाना तऱ्हेची गणितं घातली, चार आणि बारा, दहा आणि दहा, तीन तीन रोध एकत्र. सगळी उत्तरं बरोबर. उत्तर सांगताना तो एक क्षण डोळे मिटायचा, कडू औषध घेतल्यासारखा, पण सांगायचा. बायकोनं शनिवारच्या मारुतीला नारळ कबूल केला. फोरमननं इंदापूरची जागा त्याच्यासाठी अडवून ठेवली होती. मला वाटलं, सुटलो.

परीक्षा देऊन तो परतला तो मधल्या सुट्टीत थेट शाळेतच आला. वर्ग रिकामा होता. मी विचारलं, "काय विचारलं?"

"सहा अन् तीन. तेच नेमकं."

"मग?"

"म्हनलो, दोन."

माझा जीव भांड्यात पडला. "मग?"

"साहेब खूश झालं. शाब्बास म्हनालं. मग म्हनालं, का?"

"अरे, मग सांगायचं ना, दोन वाटा होतात म्हणून. शंभरदा सांगितलंय मी."

"मी म्हनलो, पुस्तकात हाय म्हणून. साहेब म्हनालं, पुस्तक सोड, तुला काय वाटतं ते सांग. खांबावर चढल्यावर पुस्तक संगं नसतं."

"आणि तू सांगितलंस."

"इचारलं म्हणून सांगितलं."

मी हातातला खडू भिंतीवर फेकून मारला. तोंडाला येईल ते बोललो. गाढव म्हणालो, करंटा म्हणालो, तुझ्यासारख्यानं लग्नच करायला नको होतं म्हणालो. त्यानं खडूचे तुकडे गोळा करून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "साहेब मानूस चांगला व्हता, मास्तर. लई वेळ समजावत बसलं. चहा बी पाजला."

पुढचं सगळं फार मुकाट्यानं झालं. पळसदेवला पंच बसले. काडीमोड झाला. हौसाला भिगवणकडच्या एका बिजवराचं स्थळ आलं, विहिरीचं पाणी, भाजीपाल्याचा मळा, घरात दोन लहान लेकरं. आबांनी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली. हे अण्णानंच आम्हाला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरातलं बटण बदलता बदलता. बायकोच्या डोळ्यांना पदर लागला. अण्णा स्टुलावरून म्हणाला, "वैनी, तिकडं पान्याची ददात न्हाय. बरं झालं." मग खाली उतरून त्यानं बटण पुन्हा पुन्हा दाबून बघितलं आणि हात धुऊन निघून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि बायकोनंही आग्रह केला नाही.

इंदापूरच्या जागेवर एक प्रमाणपत्रवाला पोरगा आला. कंपनीनं हळूहळू सगळीच माणसं परीक्षेची घेतली आणि मदतनिसांना रजा दिली. अण्णा बारामतीतून गेला. कुठं गेला ते फोरमनलाही माहीत नव्हतं.

नंतर एका उन्हाळ्यात मी मॅट्रिकच्या परीक्षेवर देखरेखीसाठी इंदापूरला चाललो होतो. वाटेत एसटीचं चाक बसलं. ड्रायव्हर, कंडक्टर चाक बदलायला लागले, आम्ही उतारू रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभे राहिलो. रस्त्यालगत विजेचे खांब आडवे टाकलेले होते आणि ठेकेदाराची माणसं खड्डे घेत होती. एका खड्ड्यात कमरेइतका उतरून जो माणूस पहार मारत होता तो अण्णा. दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल. कमरेला पक्कड नव्हती. मी हाक मारली. त्यानं वर बघितलं आणि ओळख दाखवली, पण बाहेर आला नाही. मीच खड्ड्याच्या काठाशी बसलो.

वैनी कशा हायेत, शाळा कशी हाय, असं त्यानं विचारलं. मी विचारलं, कुठं असतोस. म्हणाला, खांब जातील तिथं. मला उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"मास्तर," तो म्हणाला, "ते सहा अन् तिनाचं मला पटलं."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय.

"हौसा माझ्या एकट्याच्या वाटंवर अडली व्हती. सालोसाल. मी म्हनायचो, ती थांबलीया. थांबली कुठली? तिला वाटच एक. आबांनी दुसरी दावली, अन् पंधरवड्याच्या आत गेली." त्यानं टॉवेल सोडून तोंड पुसलं. "मी आपला कायम खाली बसून पान्याची वाट बघनाऱ्याचा इचार करत व्हतो. बापाचा अन् माझा. पान्याचा इचार मी केलाच न्हाय. त्याला एक दार जादा मिळालं की ते सुटतंच. दुसरं दार किती का बारीक असंना. तुमी पिंपळीला हेच सांगत व्हता न्हवं?"

मी हो म्हणालो. हेच सांगत होतो.

"मग बरुबर हाय तुमचं. तिनापेक्षा कमीच यायला पायजे."

माझ्यातला मास्तर मेला नव्हता. मी म्हणालो, "अण्णा, मग आता बस परीक्षेला. पुन्हा बस. आता साहेबानं 'का' विचारलं तरी सांगता येईल तुला. मी फोरमनशी बोलतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, काहीच नव्हतं त्याच्या तोंडावर. "पास व्हईन की," म्हणाला. "पन क्वार्टरात एकला काय करू, मास्तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. मुकादमही तिकडून ओरडला, बोलत काय बसलास म्हणून. अण्णानं पहार उचलली. मी गाडीत बसलो, माझी जागा पलीकडच्या बाजूला होती, तरी मी वाकून खिडकीतून बघितलं. त्याचं डोकं खड्ड्याच्या खाली गेलं होतं आणि घमेल्यानं माती वर येत होती.